कालचा साथी, आजचा साहेब : विमान कंपनीतील एका बढतीचा इतिहास

१.
नेर परसोपंत हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कापूस, तूर, सोयाबीन ही इथली पिके. आणि एसटीचे आगार ही संघटित कामगाराची इथली ओळखीची जागा. विमान इथे दिसते ते आकाशातच. तरीही विमान कंपन्यांच्या इतिहासातला एक अवघड प्रश्न नेरच्या बसस्थानकावर उभे राहूनही समजून घेता येतो. काल जो आपल्यातला होता तो आज साहेब झाला, तर तो आता कोणाचा?

२.
एसटीत हा प्रश्न नवा नाही. वाहक म्हणून लागलेला माणूस खात्यांतर्गत बढतीने वाहतूक नियंत्रक होतो, पुढे निरीक्षकपदाकडे जातो. काल ज्याच्याबरोबर त्याने डबा खाल्ला, त्याचीच ड्युटी आज त्याला लावावी लागते. युनियनच्या फलकाखाली घोषणा देणारा आवाज रजेच्या अर्जावर ‘नामंजूर’ असे लिहू लागतो. माणूस तोच असतो, खुर्ची बदललेली असते. विमान कंपनीत हेच घडते. फक्त तिथे पगार मोठे, कायदा गुंतागुंतीचा आणि परिणाम देशभर दिसणारे असतात.

३.
इतिहासाची सुरुवात मात्र उलट्या टोकाकडून होते. भारतातील नागरी विमानसेवेच्या आरंभी वैमानिक आणि मालक यांच्यात भिंतच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांच्या टपाल विमानसेवेचे पहिले उड्डाण कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आले, तेव्हा विमान चालवत होते स्वतः जे. आर. डी. टाटा. पुढचा मद्रासकडचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. म्हणजे संस्थापक आणि चालक एकच. ‘व्यवस्थापन’ आणि ‘कॉकपिट’ हे दोन वेगळे प्रांत व्हायला अजून बराच अवकाश होता.

४.
ही भिंत आकाराबरोबर उभी राहिली. १९४६ मध्ये कंपनीचे ‘एअर इंडिया’ असे नामकरण झाले. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशासाठी एअर इंडिया इंटरनॅशनल अशी दोन महामंडळे झाली. हजारो नोकऱ्या, श्रेणी, वेतनकरार आले. वैमानिक, अभियंते, केबिनमधले कर्मचारी, जमिनीवरचे कामगार यांच्या निरनिराळ्या संघटना आल्या. पुढे वैमानिकांतही दोन घरे झाली : एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड, तर इंडियन एअरलाइन्समध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन.

५.
आता एक व्यावहारिक अडचण. वैमानिकाची परीक्षा कोणी घ्यायची? प्रशिक्षण, उड्डाणसुरक्षा, ड्युटीचे नियोजन या खात्यांचे प्रमुख कोणी व्हायचे? ज्याने कधी विमान उतरवले नाही त्याच्या हाती हे काम देता येत नाही. म्हणून कंपनीला व्यवस्थापनात वैमानिक लागतातच, आणि ते संघटनेच्या सभासदांतूनच घ्यावे लागतात. दुसरीकडून कारकुनाने अधिकारी व्हावे, वाहकाने निरीक्षक व्हावे, ही आकांक्षाही न्याय्य आहे. बढतीचे दार खालच्या माणसाला उघडे असावे, यासाठी संघटनाच तर भांडत आल्या आहेत.

६.
या दारातून येजा करणारा पहिला माणूस विमानाच्या युगाच्या खूप आधी, मुंबईच्या कापडगिरणीत भेटतो. त्याचे नाव जॉबर. तो कामगारांतूनच वर आलेला असे. गावाकडची माणसे भरती करणे, त्यांना काम लावणे, प्रसंगी उसने पैसे देणे, शिक्षा करणे, हे सारे त्याच्या हाती होते. मालकाच्या दृष्टीने तो त्यांचा माणूस आणि कामगाराच्या दृष्टीने वाडीतला, जातभाई, आधार. संप मोडण्यासाठी जॉबर वापरले गेले आणि संप उभे करण्यातही जॉबर पुढे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

७.
१९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने (व्हिटली आयोग) जॉबरच्या या अमर्याद सत्तेवर टीका केली आणि भरतीचे काम त्याच्याकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे असे सुचवले. आयोगाची भूमिका समजण्यासारखी होती, कारण जॉबरची लाचखोरी कामगारच भोगत होते. पण मधला माणूस काढला की मधली जागा नाहीशी होते असे नाही. ती जागा नव्या पदनामाने पुन्हा उभी राहते.

८.
उलट दिशेने चालत गेलेला माणूसही महाराष्ट्राने पाहिला आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे यंत्रावरचे कामगार नव्हते; ते मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. म्हणजे हिशेबाच्या, कार्यालयाच्या बाजूचे. तरी १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी आयोगापुढे नेले, आणि १८९० मध्ये गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी मिळाली त्यात त्यांचा वाटा मोठा होता. खुर्ची कोणत्या बाजूला आहे यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरतेच असे नाही, याचा हा जुना पुरावा.

९.
कायद्याला मात्र असे मोघम राहून चालत नाही. त्याला रेघ ओढावीच लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने ‘कामगार’ कोण हे सांगितले. प्रारंभी व्याख्येत अंगमेहनतीचे आणि कारकुनी काम होते. १९५६ च्या दुरुस्तीने तांत्रिक आणि पर्यवेक्षणाचे काम जोडले, पण पर्यवेक्षकाला दरमहा ५०० रुपयांची वेतनमर्यादा घातली. ती पुढे १,६०० झाली आणि २०१० मध्ये १०,००० रुपये. मुख्यतः व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा मात्र पगार कितीही असो, व्याख्येबाहेर.

१०.
येथे वैमानिकाचे कोडे सुरू होते. तो पर्यवेक्षक ठरला, तर त्याचा पगार त्याला केव्हाच व्याख्येबाहेर काढतो. तो कुशल, तांत्रिक काम करणारा ठरला, तर पगाराचा आकडा गैरलागू होतो आणि लाखो रुपये मिळवणारा कमांडरही कायद्याने ‘कामगार’ राहतो. पहिल्या नजरेत विनोदी वाटणारी ही गोष्ट तर्कशुद्ध आहे. कायदा श्रीमंती मोजत नाही. दुसऱ्याच्या नोकरीवर तुमची सत्ता किती, हे तो मोजतो.

११.
ही रेघ ओलांडल्यावर नेमके काय जाते? संघटना करण्याचा मूलभूत अधिकार जात नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातली व्याख्या इतकी रुंद होती की अधिकारीही आपली संघटना नोंदवू शकत. जाते ते संरक्षण : नोकरीतून काढल्यास कामगार कायद्याखाली दाद मागण्याची वाट, कपातीच्या वेळची नोटीस आणि भरपाई, सेवाशर्ती बदलताना मिळणारी पूर्वसूचना. बढतीच्या पत्रावर सही करताना पगाराचा आकडा ठळक दिसतो. त्या पत्राने काय काढून घेतले ते कुठेच छापलेले नसते.

१२.
न्यायालयांनी यावर एक शहाणा निकष दिला. सिबा-गायगी कंपनीच्या १९८५ मधील खटल्यात, लघुलेखक आणि हिशेबनीस म्हणून लागून नंतर अधिकारी गटात नेलेल्या एका कर्मचाऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने पदनामाकडे पाहिले नाही. या माणसाचे मुख्य काम दिवसभर काय होते, एवढेच विचारले. उत्तर कारकुनी निघाले आणि तो कामगार ठरला. पाटी बदलल्याने काम बदलत नाही, हे तत्त्व या विषयाच्या गाभ्याशी आहे.

१३.
बढती हे हत्यारही असू शकते, हे महाराष्ट्राच्या कायद्याने फार आधी ओळखले. कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबतच्या १९७१ च्या राज्य कायद्यात अनुचित प्रथांची यादी आहे. युनियनच्या कामामुळे एखाद्याची बढती रोखणे ही अनुचित प्रथा. आणि कामगारांत फूट पाडण्यासाठी किंवा संघटना दुबळी करण्यासाठी एखाद्याला लायकीविना बढती देणे, हीसुद्धा अनुचित प्रथा. दोन्ही कलमे शेजारी शेजारी आहेत. रोखलेली बढती आणि बहाल केलेली बढती, दोन्हींतून तोच डाव खेळता येतो.

१४.
नेरच्या आगारातल्या वाहकाला हा १९७१ चा कायदा लागू होतो. मुंबईच्या विमानतळावरील एअर इंडियाच्या वैमानिकाला होत नाही, कारण विमानवाहतुकीच्या बाबतीत औद्योगिक विवादांचे ‘समुचित सरकार’ केंद्र आहे. केंद्रीय कायद्याने अनुचित प्रथांची यादी १९८२ च्या दुरुस्तीने स्वीकारली, पण संघटनेला मान्यता देण्याची सक्ती केली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये अशा सक्तीचे विधेयक आणले गेले होते. १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूरही झाली. अमलात मात्र कधीच आली नाही.

१५.
आता २००९. दोन वर्षांपूर्वी दोन्ही सरकारी विमान कंपन्यांचे विलीनीकरण झाले होते आणि तोटा वाढत होता. अरविंद जाधव अध्यक्ष होते. व्यवस्थापनाने अधिकारी श्रेणीच्या कामगिरीनिगडित भत्त्यात २५ ते ५० टक्के कपात जाहीर केली. या श्रेणीत ‘एक्झिक्युटिव्ह पायलट’ येत : संघटनेतून वर जाऊन व्यवस्थापनाचा भाग झालेले वैमानिक. सप्टेंबरच्या अखेरीस, ऐन दसऱ्याच्या दिवसांत, त्यांनी आजारपणाच्या रजा टाकल्या आणि उड्डाणे कोलमडू लागली.

१६.
दृश्य विलक्षण होते. ज्यांना कंपनीने ‘आमचे’ म्हणून कामगारांच्या व्याख्येबाहेर नेले होते, तेच संपावर होते. आणि त्यांच्यामागे मान्यताप्राप्त संघटना नव्हती, कारण ती ते मागे सोडून आले होते. साधारण पाच दिवसांनी, कपातीबाबत आश्वासन मिळाल्यावर ते कामावर परतले. त्या आठवड्याने एक गोष्ट उघड केली. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा कंपनीने त्यांना नोकरच मानले, आणि आपण नोकर आहोत हे त्यांनाही त्याच आठवड्यात आठवले.

१७.
दोन वर्षांत चित्र उलटले. २७ एप्रिल २०११ रोजी पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनातील समानतेसाठी संप पुकारला. तो ६ मेपर्यंत चालला. मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी नव्या ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणावरून काम थांबवले आणि तो संघर्ष सुमारे दोन महिने लांबला. दोन्ही वेळा व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढली. १९४७ ची ती दुरुस्ती अमलात असती तर हे इतक्या सहज झाले असते का, हा प्रश्न येथे विचारावासा वाटतो.

१८.
आणि दोन्ही वेळा, कापलेल्या वेळापत्रकातली विमाने उडवली ती एक्झिक्युटिव्ह पायलटांनी. ते फितूर होते का? संपावरच्या वैमानिकाला तसेच वाटले असणार. पण त्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. व्यवस्थापकीय पद स्वीकारताना त्यांनी हेच काम करण्याचे कबूल केले होते, आणि अडकलेले प्रवासी कोणाचेच शत्रू नव्हते. तरीही संप मोडण्याची ताकद कंपनीला त्यांच्याच हातांतून मिळाली. व्यक्ती प्रामाणिक आणि परिणाम कठोर, अशी ही स्थिती होती.

१९.
संघटनेचे पारडे नेहमी न्यायाचे असते असेही नाही. एअर इंडियाच्या विमानात ‘इनफ्लाइट सुपरवायझर’ हे केबिनमधले वरचे पद दीर्घकाळ पुरुषांकडे होते. २००५ मध्ये कंपनीने ते महिलांना खुले केले, तेव्हा केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने आणि पुरुष सहकाऱ्यांनी न्यायालयात विरोध केला. नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ज्या बढतीने कोणी आपल्यातून जाते तिची चर्चा होते. ज्या बढतीपर्यंत अर्ध्या लोकांना पोचूच दिले नाही, तिची चर्चा उशिरा होते.

२०.
जगाने या कोड्याची निरनिराळी उत्तरे शोधली. अमेरिकेत १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॅकार्ड मोटार कंपनीच्या फोरमनना संघटनेचा हक्क दिला आणि त्याच वर्षी टाफ्ट-हार्टले कायद्याने तो काढून घेतला. विमान कंपन्यांना मात्र तिथे १९३६ पासून रेल्वेचा कायदा लागू आहे आणि त्यात दुय्यम अधिकारीही येतात. म्हणून तिथला कॅप्टन विमानाचा प्रमुख असूनही युनियनचा सभासद राहतो. रेघ एकाच देशात दोन ठिकाणी ओढलेली आहे.

२१.
दुसरे उत्तर : माणूस न हलवता संघटनेलाच संचालक मंडळात बसवायचे. ईस्टर्न एअरलाइन्सने १९८३ च्या अखेरीस पगारकपातीच्या बदल्यात कामगारांना सुमारे २५ टक्के शेअर आणि मंडळावर जागा दिल्या. यंत्रज्ञांचे नेते चार्ल्स ब्रायन संचालक झाले. तरी १९८६ मध्ये कंपनी विकली गेली आणि १९९१ मध्ये बंद पडली. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या आहेत. लुफ्तान्सात तसेच आहे. तिथे निर्णयाच्या खोलीत जाण्यासाठी युनियनचे ओळखपत्र बाहेर ठेवावे लागत नाही.

२२.
२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये वैमानिकांसाठी नवी वेतनरचना आली. तिच्यात अनुभवी कमांडरांना ‘सीनियर कमांडर’ करून व्यवस्थापन श्रेणीत घेण्याची तरतूद होती. इतिहासात प्रथमच नव्हे, पण फार स्पष्टपणे, मोठ्या संख्येने माणसांना बढती नको होती. जुन्या दोन्ही प्रतिस्पर्धी संघटना एकत्र आल्या आणि पंधराशेहून अधिक वैमानिकांनी रतन टाटा यांच्याकडे दाद मागितली.

२३.
त्यांचा युक्तिवाद साधा होता. आम्ही विमान उडवतो. आम्हाला कोणाला नेमण्याचा, काढण्याचा, रजा देण्याचा अधिकार नाही. मग आम्ही व्यवस्थापक कसे? कंपनीच्या दृष्टीने ही ज्येष्ठतेची कदर होती; संघटनांच्या दृष्टीने सन्मानाच्या नावाखाली कामगारपण काढून घेणे होते. १९८५ च्या निकालातला आणि १९७१ च्या कायद्यातला प्रश्नच पुन्हा उभा राहिला : पाटी बदलली, पण काम बदलले का? आणि बदलले नसेल, तर पाटी कशासाठी?

२४.
या इतिहासातून तीन प्रकारच्या बढत्या वेगळ्या करता येतात. पहिली, काम खरोखर बदलणारी : परीक्षक, सुरक्षाप्रमुख, निरीक्षक. ती व्हायलाच हवी आणि ती खालच्या माणसाला मिळायला हवी. दुसरी, माणूस गप्प करण्यासाठी दिलेली. ती घेणाऱ्याला बहुधा उशिरा कळते. तिसरी, फक्त नाव बदलणारी, म्हणजे काम तेच ठेवून संरक्षण काढणारी. ‘युनियन सोडून साहेब झाला’ हे एकच वाक्य आपण तिघांनाही लावतो आणि तिथेच चूक होते.

२५.
पहिल्या प्रकारच्या बढतीतही एक ओझे असते, ते कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. ज्याने उन्हात, रात्री, थकून काम केले आहे, त्याच्याकडे त्या थकव्याची माहिती असते. ती माहिती तो दोन प्रकारे वापरू शकतो. ड्युटीचे वेळापत्रक माणसाला झेपेल असे आखण्यासाठी, किंवा खोटी सबब ओळखून खालच्याला कोंडीत पकडण्यासाठी. दोन्हींसाठी लागणारे ज्ञान एकच आहे. म्हणून वर गेलेला माणूस बाहेरून आणलेल्या साहेबापेक्षा अधिक दयाळू किंवा अधिक निर्दय होऊ शकतो.

२६.
२०२१-२२ च्या दीर्घ एसटी संपात विदर्भातील आगारेही शांत होती. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी परतले आणि पुन्हा तेच निरीक्षक, तेच वाहक समोरासमोर आले. संपाचा इतिहास सहसा मागण्या आणि तारखांवर संपतो. त्याचा पुढचा भाग कोणी लिहीत नाही : त्यानंतरच्या पहिल्या सकाळी कालच्या साथीने आजच्या साहेबाकडे ड्युटी मागितली, तेव्हा दोघे एकमेकांशी काय बोलले असतील?

२७.
नेर, दारव्हा, दिग्रसची मुले आज विमानतळांवर, विमान कंपन्यांच्या काउंटरवर, कधी कॉकपिटमध्येही दिसू लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती केव्हातरी बढतीचे पत्र येईल. अभिनंदनाचे पेढे वाटावेतच. पण पत्र वाचताना तीन ओळी शोधाव्यात : काम काय बदलते, अधिकार कोणता मिळतो, आणि कोणता जातो. जॉबरला हे विचारायची सोय नव्हती. २००९ च्या वैमानिकांना ते खुर्चीवर बसल्यानंतर कळले. २०२३ च्या वैमानिकांनी ते सही करण्याआधी विचारले. शंभर वर्षांत झालेली प्रगती मोजायची, तर ती एवढ्या फरकातही मोजता येते.